सात दिवसांची सॅक

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात वीकएण्डचे प्लॅन्स रंगात आले होते. कुणी अलिबाग, कुणी लोणावळा, कुणी नुसतंच ताणून देणार. तेवढ्यात वहिनीचा फोन.

"रविवारी येशील का गं? शाळेत पालकांची मीटिंग आहे, स्काउटच्या कॅम्पची. तुझा दादा नाईट करून आलेला असेल. आणि मला एकटीला नाही जायचं."

आता माझी वहिनी म्हणजे बँकेत कर्जवसुली बघणारी बाई! भलेभले थकबाकीदार तिच्यासमोर चळाचळा कापतात. तिला एकटीला जायचं नाही म्हणजे प्रकरण साधं नाही, हे माझ्या लक्षात आलं. प्लॅन ठरला. भिंगार!

"कुठे आलं हे?" टीममधल्या एकीनं विचारलं. बरोबर आहे. नगर सगळ्यांना माहीत असतं, तेही शिर्डीला जाताना लागतं म्हणून. भिंगार मात्र नगरच्या कुशीत लपलेलं. खरं तर नगरपेक्षा आमचं भिंगार जुनं. मलिक अहमद निजामशहानं १४९० मध्ये नवं शहर वसवायला घेतलं, ते भिंगारच्या शेजारी. म्हणजे आधी भिंगार, मग नगर! (२०२४ मध्ये नगरचं नाव अहिल्यानगर झालं. पण एसटीत शेजारच्या आजी अजून 'नगर आलं का?' असंच विचारतात.)

वाघोलीचं ट्रॅफिक, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपा... पुण्याहून सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेरचा हा रस्ता मी डोळे मिटून सांगू शकते. नगरला उतरून शेअर रिक्षा पकडली की वाटेत भुईकोट किल्ला. १९४२ च्या ऑगस्टपासून नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद अशी मंडळी इथं कैदेत होती. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथंच लिहिलं, १९४४ मध्ये. मौलानांनी एका मित्राला पत्रं लिहिली, पण ती टपालात टाकायची सोय नव्हती. पुढे १९४६ मध्ये त्याच पत्रांचं 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झालं. लहानपणी बाबा रिक्षातून जाताना हे सगळं सांगायचे आणि मी आईस्क्रीमची गाडी शोधायचे.

किल्ला मागे पडला की हवा बदलते. लष्कराची हद्द सुरू होते. रुंद, स्वच्छ रस्ते, चुना लावलेली झाडं, हिरवे ट्रक, 'फोटो काढण्यास मनाई'च्या पाट्या. आणि त्याला चिकटूनच आमच्या गावच्या अरुंद गल्ल्या, उघड्या गटारांवरच्या फरश्या, एकाला एक टेकलेली घरं. फौजी लोकांच्या शेजारामुळे भिंगारकरांना एक गोष्ट मात्र फर्स्टक्लास येते, सामान बांधायला! आमच्या गल्लीत दर दोन-तीन वर्षांनी कुणाची तरी बदली व्हायची. काळ्या रंगाच्या लोखंडी ट्रंका, त्यांच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेली नावं. आईनंही ती सवय उचलली. आमच्या घरात डब्यापासून बादलीपर्यंत सगळ्यावर नाव.

असल्या गावातली बाई मुलाची एक सॅक भरायला का घाबरत होती?

उत्तर रविवारी पहाटे मिळालं. चहाचा कप घेऊन गच्चीवर गेले, तर दोरीवर एक लहान चादर वाळत होती. नुकती धुतलेली, पाणी गळत असलेली. शेजारी हाफ पॅण्ट. घड्याळात पावणेसहा.

मी काही बोलले नाही. कारण ती चादर माझ्या ओळखीची होती.

म्हणजे ती नव्हे, तशीच एक. मी सहावीत होते, गाईडमध्ये. आमचा कॅम्प भंडारदऱ्याला, सात दिवसांचा. दुसऱ्या रात्री तंबूत मला जाग आली तेव्हा उशीर झाला होता. चादर घडी करून सॅकच्या तळाशी कोंबली आणि सकाळी बाईंना सांगितलं, पोट दुखतंय. निघताना बाबांनी मायेनं सांगितलं होतं, "नाही करमलं तर फोन कर, मी लगेच येतो." ते शब्दाला जागले. तिसऱ्या दिवशी दुपारी आले, काही न विचारता मला घेऊन गेले. आईनं सॅक उघडली, चादर धुतली आणि गल्लीत सांगितलं, "ताप आला होता तिला." चौथ्या रात्री मैत्रिणींनी झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखताना बघितली. वर्षभर वर्गात तोच विषय. मी मान डोलवत बसायचे.

दहाला शाळेत पोचलो. पंखे फिरत होते, हवा फिरत नव्हती. स्काउटचे सर साधारण पन्नाशीचे, गळ्यात स्कार्फ, आवाज मैदानावरचा. सुरुवातच त्यांनी मजेत केली. "बेडन-पॉवेलनं १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प घेतला. वीसेक मुलं, आठवडाभर. त्यानं आधी काय केलं? पालकांना पत्रं लिहिली! म्हणजे कॅम्प पोरांचा असला तरी तयारी तुमची."

मग प्रश्नांची सरबत्ती. मोबाइल? नाही. रोज एक फोन? नाही, पण खुशालीचा मेसेज रोज रात्री ग्रुपवर येईल. लाडू चालतील? चालतील, पण डबा तुमचा नाही, संघाचा. आठ जणांत वाटायचा. धरणात पोहणार का? पाण्यात कुणीही उतरणार नाही, काठावरसुद्धा मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय नाही. एक बाबा म्हणाले, "सर, आमच्या पोरानं घरी कधी ताट उचललेलं नाही." सर म्हणाले, "मग सात दिवसांनी तुमची पंचाईत आहे. ते तुम्हालाही उचलायला सांगेल."

हशा पिकला. मग सरांचा आवाज थोडा उतरला.

"दोनच गोष्टी कळकळीनं सांगतो. पहिली, सॅक पोरानं स्वतः भरायची. आईनं भरली तर त्याला टॉर्च सापडत नाही, आणि अंधारात टॉर्च सापडली नाही की घर आठवतं. दुसरी, 'करमलं नाही तर फोन कर, मी न्यायला येतो' हे वाक्य कुणी बोलायचं नाही. तुम्हाला वाटतं, आपण धीर देतोय. पोराला ऐकू येतं, तुला हे जमणार नाही असं आईबाबांनाच वाटतंय. त्याऐवजी सांगा, आठवण येईल, रडू येईल, दोन दिवसांत कमी होईल. खरं तेच सांगा."

मला बाबा आठवले. त्यांची काही चूक नव्हती हो. पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी सरांनी कोरे कागद वाटले. "औषधं, ॲलर्जी, झोपेत चालणं, अंधाराची भीती, अंथरुण ओलं होणं... जे चारचौघांत सांगता येत नाही, ते लिहा. घडी घाला. मी एकटाच वाचतो आणि कॅम्प संपला की फाडून टाकतो."

वहिनीचं पेन थांबलं होतं. ती कागदावर तळहात धरून बसली होती, परीक्षेत बसतात तशी.

"लिही," मी हळूच म्हटलं.

"काय लिहू? अकरा वर्षांचा आहे गं तो. पोरं चिडवतील. जन्मभर नाव पडेल."

"वहिनी, माझ्या 'तापा'ची गोष्ट माहितीये तुला?"

तिला माहीत नव्हती. आईनं सुनेलासुद्धा सांगितली नव्हती! तिथंच, बाकावर बसून, दोन मिनिटांत सांगितली. वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं लिहिलं. एकच ओळ.

सगळे गेल्यावर सरांनी तिचा कागद वाचला आणि आम्हाला हाक मारली. "ताई, दर कॅम्पला एक-दोन मुलं असतातच. दहाव्या वर्षीसुद्धा शंभरात चार-पाच मुलांना हा त्रास असतो, डॉक्टरांना विचारा. लाड नाही, आळस नाही, वाढीचा भाग आहे. दिवसा पाणी भरपूर प्यायचं, उन्हाळा आहे. झोपण्याआधी जाऊन यायचं. अकराला आणि तीनला मी राउंड मारतो, तेव्हा हळूच उठवतो. एक जादा चादर, एक प्लास्टिक आणि एक जादा पॅण्ट वेगळ्या पिशवीत द्या. बाकी माझ्यावर सोडा. पण त्याला सांगा की सरांना माहीत आहे. लपवण्यातच पोरं दमतात."

त्या संध्याकाळी चिरंजीवांना घेऊन चांदबिबीच्या महालावर गेले. पाथर्डी रस्त्यावरच्या शहाडोंगरावर उभी ही तीनमजली, अष्टकोनी इमारत खरं तर सलाबतखानाची कबर. पण लोकांनी ती चांदबिबीला देऊन टाकलीय! अट एकच होती, कॅम्पची भरलेली सॅक पाठीवर घेऊन यायचं. पहिल्या चढाला चिरंजीव हाशहुश. दुसऱ्या चढाला सॅक उघडली. आतून काय निघालं? दोन क्रिकेट बॉल, आजीनं घातलेला स्वेटर, तीन पुस्तकं आणि शाम्पूची अख्खी बाटली!

"आत्या, हे घरी ठेवूया."

"तू ठरव. सॅक तुझी."

वरून सगळं नगर दिसतं. उन्हानं भाजलेलं, पांढुरकं पठार. मी त्याला किल्ल्याची, लष्कराची बाजू दाखवली. औरंगजेबाचं सांगितलं. १६८१ मध्ये तो दक्षिणेत उतरला, पंचवीस वर्षं छावण्यांत काढली आणि १७०७ मध्ये आमच्या भिंगारलाच वारला. दिल्लीला परतलाच नाही. कॅम्पहून घरी न आलेला सगळ्यात प्रसिद्ध माणूस! (हा विनोद वहिनीसमोर करायचा मोह मी आवरला.)

रात्री गच्चीवर गाद्या घातल्या. उन्हाळ्यात नगरकडे घरात झोपतंय कोण? तो, मी आणि दोघांच्या उशाला एकेक टॉर्च. तिथं मी त्याला माझी गोष्ट सांगितली, चादरीसकट, काजव्यांसकट. बराच वेळ गप्प होता.

"म्हणजे तू मोठी झालीस तरी..."

"तेरा वर्षांची झाले तेव्हा आपोआप थांबलं. औषध नाही, काही नाही."

"आणि काजवे?"

"अजून नाही बघितले."

"एवढ्या वर्षांत नाही गेलीस?"

काय सांगणार! डेडलाइन असते, रिलीज असतं, लीव्ह उरलेली नसते... अकराव्या वर्षाच्या माणसाला ही कारणं पटत नाहीत. खरं सांगायचं तर मलाही पटली नाहीत.

सोमवारी पहाटेची एसटी पकडून मी पुण्यात, डेस्कवर. मेच्या शेवटच्या आठवड्यात कॅम्प निघाला. भिंगारहून भंडारदरा म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर, संगमनेर, अकोले, राजूर करत. नगरच्या कोरड्या मातीतून निघून सह्याद्रीच्या कुशीत. वहिनी बस सुटेपर्यंत हसत उभी होती. 'फोन कर' म्हणाली नाही. बस वळल्यावर मला फोन करून रडली, ते चालतं!

सात दिवसांनी चिरंजीव परत आले. काळे, वाळलेले, एक स्कार्फ हरवलेले. मी व्हिडिओ कॉल लावला. आई-वहिनी बाजूला गेल्यावर त्यानं कॅमेऱ्याजवळ तोंड आणून सांगितलं, "एकदा झालं. सर म्हणाले, चल, पाणी भरायला जाऊ. तिथंच धुतलं. मग संघनायकाला कळलं." माझ्या पोटात गोळा. "मग?" "मग काय? तो म्हणाला, मलापण चौथीपर्यंत व्हायचं. आणि आम्ही पोहे खाल्ले."

संपलं. ज्या गोष्टीपायी मी एक अख्खा कॅम्प सोडून आले होते, ती याच्याकडे पोह्यांच्या आधीच्या एका वाक्यात बसली.

निघताना सरांनी प्रत्येकाला दोन पोस्टकार्डं दिली होती, पत्ते घरूनच लिहून आणायचे. वहिनीचं कार्ड मुलगा घरी आल्यावर दोन दिवसांनी पोचलं. माझं पुण्याला आठवड्यानं. वाकडीतिकडी अक्षरं, पेन्सिलनं: 'आत्या, काजवे मोजायला घेतले. एकशे चाळीसनंतर चुकलो. पुढच्या वर्षी तू ये, उरलेले तू मोज.'

ते कार्ड मी मॉनिटरच्या खाली लावलंय. या वर्षीच्या मेच्या शेवटच्या आठवड्याची रजा जानेवारीतच टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'फॅमिली वर्क'. खोटं नाही ना!

तुमच्या घरातलं कुणी कॅम्पला निघालंय?

• आठवडाभर आधी एखादी रात्र मामाकडे, आत्याकडे झोपायला पाठवा. पहिली रात्र ओळखीच्या घरी गेली की दुसरी सोपी.

• सॅक त्याला भरू द्या, मग ती पाठीवर घेऊन किलोमीटरभर चालवा. जादा सामान आपोआप बाहेर येतं.

• सकाळी बूट झटकून घालायची सवय घरीच लावा. विंचू सांगून येत नाहीत.

• औषधं मुलाजवळ नको. नाव आणि वेळ लिहून सरांकडे किंवा बाईंकडे द्या.

• चारचौघांत न सांगता येणारी गोष्ट एका माणसाला तरी नक्की सांगा, आणि सांगितलंय हे मुलालाही कळू द्या.

आणि तुम्ही नगर-भिंगारला निघालात तर...

किल्ला, १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय आणि चांदबिबीचा महाल एका दिवसात होतात. मे महिन्यात जात असाल तर डोंगर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी चढा. लष्करी भाग आहे, ओळखपत्र जवळ ठेवा, पाट्या वाचा आणि मगच मोबाइल बाहेर काढा!