चुन्याची रेघ

सांगलीतील एका जुन्या टेनिस क्लबात लाल मातीची दोन आणि सिमेंटचे एक अशी तीन मैदाने आहेत. दर गुरुवारी आणि रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास कडेच्या मातीच्या मैदानावर दोन ज्येष्ठ गृहस्थ समोरासमोर उभे राहतात. एकांना सारा क्लब अण्णा म्हणतो, दुसऱ्यांना शेठजी. अण्णा ६४ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, दिगंबर जैन. शेठजी ६१ वर्षांचे, कापडपेठेतील पिढीजात दुकानाचे मालक, मूर्तिपूजक श्वेतांबर. दोघेही देवदर्शन आटोपूनच मैदानावर येतात आणि जय जिनेंद्र म्हणून खेळाला प्रारंभ करतात. त्यानंतरचा दीड तास मात्र दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला एक गुणही सहजासहजी देत नाही. गेली १९ वर्षे हा क्रम चालू आहे. प्रत्येक सामन्याचा निकाल अण्णांच्या एका लांबट वहीत तारखेसह नोंदलेला आहे. जो हरेल त्याने नाश्त्याचे पैसे द्यायचे, एवढीच पैज.

शेठजी डावखुरे आहेत आणि त्यांचे सारे बळ त्या डाव्या हातात आहे. डाव्या चौकटीत केलेली त्यांची सर्व्हिस टप्पा पडताच बाहेर वळते आणि अण्णांना बॅकहँडला ओढत मैदानाबाहेर नेते. त्यानंतर रिकाम्या झालेल्या अर्ध्या मैदानात फोरहँडचा सपाट फटका मारणे हा शेठजींचा ठरलेला व्यवहार. अण्णांचे म्हणणे असे, की हा माणूस दुकानात जसा पहिल्याच भावाला ठाम असतो, तसाच मैदानावरही असतो.

अण्णांचा खेळ याच्या अगदी उलट. जोर नाही, पण हिशेब आहे. नव्याने खेळू लागलेल्या मुलांना ते हा हिशेब मातीवर रेघा ओढून समजावून सांगतात. जाळी मध्यभागी ३ फूट उंच असते आणि खांबांपाशी साडेतीन फूट. मैदानाची लांबी ७८ फूट, एकेरीची रुंदी २७ फूट. म्हणजे चेंडू सरळ रेषेत न मारता कर्णरेषेने मारला, तर तो जाळीच्या सखल भागावरून जातो आणि त्याला उतरायला सुमारे साडेचार फूट अधिक अंतर मिळते. म्हणून अडचणीत सापडलेल्या खेळाडूने कर्णरेषेनेच मारावे. परंतु हे शहाणपण डावखुऱ्या माणसासमोर उपयोगी पडत नाही. अण्णांचा बॅकहँड कर्णरेषेने गेला, की तो नेमका शेठजींच्या फोरहँडवर पोहोचतो. सुरक्षित वाट शत्रूच्या दारातूनच जाते. या एका अडचणीवर अण्णांनी १९ वर्षे विचार केला आणि त्यातून दोन फटके सिद्ध केले. एक, बॅकहँडचा खाली राहणारा स्लाइस, जो टप्प्यानंतर घोट्याच्या वर येतच नाही. दुसरा, रेषेलगत सरळ उंच दिलेला लॉब, जो पुढे आलेल्या शेठजींच्या उजव्या खांद्यावरून, म्हणजे त्यांच्या दुबळ्या बाजूने, मागे जाऊन पडतो.

आपल्या या पद्धतीला आधार म्हणून अण्णा १९७५ सालच्या विम्बल्डनचा दाखला देतात. त्या वर्षी अंतिम सामन्यात आर्थर अॅश यांच्यासमोर गतविजेता जिमी कॉनर्स होता. कॉनर्स २२ वर्षांचा, अॅश बत्तिशीच्या उंबरठ्यावर. जोराने आलेला चेंडू दुप्पट जोराने परतवणे ही कॉनर्सची ताकद होती. अॅश यांनी त्याला तो जोरच मिळू दिला नाही. संथ, खाली राहणारे चेंडू, बाहेर वळणारी सर्व्हिस आणि वेळ पडेल तेव्हा डोक्यावरून लॉब, अशी योजना आखून त्यांनी तो सामना ६-१, ६-१, ५-७, ६-४ असा जिंकला. समोरच्याच्या रागाला इंधन मिळाले नाही तर तो आपोआप विझतो, असे सांगून अण्णा हसतात. शेठजी त्यावर म्हणतात, "अण्णा, अॅश तरुण होते हो. तुमचे गुडघे मोजून बोला."

या चढाओढीत दोघांनी एकमेकांना घडवलेही. काही वर्षांपूर्वी अण्णांच्या मुलाने परदेशातून रॅकेटसाठी उंची तार पाठवली. तिचा स्पर्श इतका मऊ होता, की अण्णांचा स्लाइस हातातून सुटतो आहे की मनातून, हेच कळू नये. तीन रविवार शेठजी ओळीने हरले. चौथ्या रविवारी त्यांनी सहज विचारले, "ही तार कशाची असते?" अण्णांनी घरी जाऊन पाकीट वाचले, मुलाला फोन केला. ती नैसर्गिक गट होती, गाईच्या आतड्यापासून केलेली. त्याच संध्याकाळी अण्णांनी कात्रीने ती तार कापून टाकली आणि रॅकेटच्या मुठीवरची चामड्याची पट्टीही उतरवली. कृत्रिम धाग्याच्या तारेवर हात बसायला त्यांना महिनाभर लागला आणि तेवढ्या काळात नाश्त्याचे पैसे बहुतेक वेळा त्यांनीच दिले. शेठजींनी त्या महिन्यात एकदाही त्यांना चिडवले नाही.

चिडवण्याचा एक विषय मात्र कायमचा होता, तो म्हणजे अण्णांचा ड्रॉप शॉट. खांदा मागे, रॅकेट उंच, सारा आविर्भाव खोल फटक्याचा. आणि अखेरच्या क्षणी मनगट सैल सोडून चेंडू जाळीपलीकडे अलगद ठेवलेला. शेठजी धापा टाकीत जाळीपाशी पोहोचत आणि म्हणत, "चार कषायांतली ही कोणती, अण्णा? माया ना?" अण्णांचे उत्तर ठरलेले असे. खेळातील हुलकावणी ही फसवणूक नव्हे, कारण ती होणार हे दोघांनाही ठाऊक असते आणि दोघांनी ती आधीच मान्य केलेली असते. फसवणूक तिथे होते, जिथे समोरच्याने आपल्यावर विश्वास टाकलेला असतो.

हौशी टेनिसमध्ये असा विश्वास टाकण्याची जागा एकच असते. पंच नसतो, म्हणून आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निर्णय आपणच द्यायचा असतो. चेंडू रेषेला किंचित जरी स्पर्शला तरी तो आत, आणि शंका असेल तर तिचा फायदा समोरच्याला, हा सर्वत्र पाळला जाणारा संकेत आहे. मातीच्या मैदानावर त्याला एक साक्षीदारही मिळतो. चेंडूची खूण मातीत उमटते. शेठजींना शंका आली की ते जाळीपलीकडून हाक मारीत, "बघा बरं, अण्णा." अण्णा जाऊन खूण पाहत, निर्णय सांगत आणि मग ती खूण बुटाच्या तळव्याने पुसून टाकीत, म्हणजे पुढच्या चेंडूच्या वेळी घोटाळा होऊ नये.

गेल्या फाल्गुनातील एका रविवारी सामना तिसऱ्या सेटमध्ये गेला. वहीतील नोंदींप्रमाणे त्या दिवशी दोघांचे विजय तंतोतंत सारखे होते, आणि ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती. अण्णा ५-४ ने पुढे, सर्व्हिस शेठजींची, गुणफलक अॅडव्हांटेज अण्णा. बाहेर वळणारी सर्व्हिस अण्णांनी कशीबशी खोलवर परतवली. चार-पाच फटक्यांनंतर त्यांनी ड्रॉप शॉट टाकला आणि स्वतःही पुढे सरकले. शेठजी पोहोचले, आणि त्यांनी अण्णांचेच अस्त्र अण्णांवर उगारले. चेंडू अण्णांच्या डोक्यावरून उंच गेला आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात पडला. अण्णा वळून धावले होते. चेंडू पडताना त्यांनी पाहिला. रेघेवरचा चुना किंचित उडाला.

"आउट!" अण्णा म्हणाले.

शब्द तोंडातून गेला तेव्हा तो चुकून गेला, की आधीच ओठांवर तयार होता, हे अण्णांना स्वतःलाही पुढे कितीतरी दिवस ठरवता आले नाही. जाळीपलीकडून हाक आली, "बघा बरं, अण्णा." अण्णा कोपऱ्यापर्यंत गेले. खूण स्पष्ट होती, तिची आतली कड चुन्यात शिरलेली होती. त्यांनी क्षणभर खाली पाहिले, "बाहेर आहे" म्हटले आणि नेहमीप्रमाणे बुटाने खूण पुसून टाकली. शेठजींनी जाळीपाशी येऊन हात मिळवला. नाश्त्याचे पैसेही त्यांनीच दिले.

त्यानंतर खेळ थांबला नाही, पण त्यातले काहीतरी निघून गेले. शेठजी "बघा बरं" म्हणेनासे झाले. अण्णा जो निर्णय देतील तो ते मुकाट्याने स्वीकारीत. एवढेच नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या बाजूला दोन बोटे बाहेर पडलेला चेंडूही ते "आत" म्हणून अण्णांना देऊ लागले. ड्रॉप शॉटवरची थट्टाही थांबली. मागून घेतलेला एक गुण अण्णांना न मागता मिळणाऱ्या अनेक गुणांनी असा परत मिळत होता, आणि प्रत्येक गुणागणिक त्यांची मान खाली जात होती. पावसाळा सुरू झाला, मातीची मैदाने बंद झाली, खेळ सिमेंटवर गेला. सिमेंटवर खूण राहत नाही, याचे अण्णांना आधी हायसे वाटले आणि नंतर त्या हायसे वाटण्याचीच लाज वाटली.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला संवत्सरी झाली. प्रतिक्रमण आटोपून शेठजी रात्री अण्णांच्या घरी आले, हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाले. अण्णांनीही हात जोडून तेच शब्द परत केले. दरवर्षी होते तसेच झाले. फक्त शेठजी दारात नेहमीपेक्षा थोडे अधिक वेळ थांबले होते, हे अण्णांच्या नंतर लक्षात आले.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांचे दशलक्षण पर्व सुरू झाले. दहा दिवस एकाशन, सकाळी पूजा, रात्री मंदिरात प्रवचन. पहिला दिवस उत्तम क्षमेचा, दुसरा मार्दवाचा, तिसरा आर्जवाचा. आर्जव म्हणजे सरळपणा; मनात असेल तेच वाणीत, वाणीत असेल तेच कृतीत. पंडितजींनी सांगितले, की क्रोध दुसऱ्यांना दिसतो, मानही दिसतो, परंतु माया अशी आहे की ती ज्याच्या मनात असते त्यालाच ठाऊक असते. सभामंडपात बसलेल्या अण्णांना त्या वेळी पुसलेली खूण पुन्हा दिसू लागली. खूण मातीतून गेली होती, पण ती नेमकी कुठे होती हे जगात एका माणसाला पक्के ठाऊक होते.

भाद्रपद वद्य प्रतिपदेला, क्षमावाणीच्या दिवशी, अण्णा सकाळीच कापडपेठेत गेले. दुकान नुकतेच उघडले होते, नोकर तागे रचत होता. अण्णा गादीवर बसले आणि त्यांनी प्रचलित वाक्य म्हटलेच नाही.

"शेठजी, फाल्गुनातला तो लॉब आत होता. चुना उडालेला मी पाहिला होता. खूणही पाहिली. तरी बाहेर म्हणालो. मला क्षमा करा."

शेठजी थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "चुना उडालेला मलाही दिसला होता, अण्णा."

"मग त्या वेळी बोलला का नाहीत?"

"निर्णय तुमचा होता. मी विचारलं, तुम्ही सांगितलं. त्यापुढे बोलायचं म्हणजे तुम्हाला खोटं म्हणायचं. ते माझ्यानं झालं नाही. पण मनातून म्हणत राहिलो. सहा महिने म्हणत राहिलो. बाहेरचे चेंडू तुम्हाला आत देत होतो ना, ते औदार्य नव्हतं, अण्णा. तुम्हाला टोचावं म्हणून देत होतो." त्यांनी गादीवरची सुरकुती सरळ केली. "संवत्सरीला तुमच्या दारात त्याचंच मिच्छामि दुक्कडम् म्हणायला आलो होतो. नेमकं काय ते सांगायचं होतं, पण जीभ वळली नाही. तुम्ही अकरा दिवस मागं राहिलात, पण बोललात."

अण्णांनी पिशवीतून वही काढली आणि ती नोंद खोडायला पेन उघडले. शेठजींनी त्यांचा हात धरला. खोडल्याने तो सामना कोणाचाच होणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. चेंडू आत होता, म्हणजे गुण शेठजींचा, म्हणजे ड्यूस. तिसरा सेट, ५-४, ड्यूस. सामना तिथेच थांबलेला आहे आणि तिथूनच तो पुरा करायचा. अण्णांनी निकालापुढे एक छोटा कंस करून "अपूर्ण" असे लिहिले.

दिवाळीच्या आधी मातीची मैदाने पुन्हा तयार झाली. रोलर फिरला, पाणी शिंपडले गेले, चुन्याच्या नव्या रेघा ओढल्या गेल्या. पहिल्याच रविवारी दोघे कडेच्या मैदानावर उतरले आणि मुलांना काही न सांगता ड्यूसपासून खेळ सुरू केला. शेठजींनी दोन गुण घेऊन ५-५ केले. पुढच्या गेममध्ये अण्णांच्या सर्व्हिसवर शेठजींचा एक फोरहँड कर्णरेषेने येऊन त्याच डाव्या कोपऱ्यात पडला. या वेळी चुना उडाला नाही. अण्णांनी बोट वर करून बाहेरची खूण केली.

"बघा बरं, अण्णा!" जाळीपलीकडून हाक आली.

अण्णा कोपऱ्यात गेले, वाकून पाहिले आणि खुणेला पाय न लावता तसेच उभे राहिले.

"इकडे या शेठजी," ते म्हणाले, "दोघं मिळून बघू."