सीलबंद डब्यातील ऑइलचे वय

इंजिन ऑइलच्या डब्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते, पण ते कधीपर्यंत वापरावे हे बहुधा छापलेले नसते. त्यामुळे माळ्यावर चार-सहा वर्षे पडून राहिलेला, सील न तुटलेला डबा हाती लागला की तो मोटारसायकलमध्ये ओतावा की ओतू नये, हा निर्णय शेवटी मिस्त्रीच्याच अंगावर येतो. बेळगावच्या उद्यमबागेत, जिथे फाउंड्रीत ओतलेल्या बिडाच्या कास्टिंगवर शेजारच्याच शेडमध्ये लेथ चालते आणि क्रँकशाफ्टपासून हायड्रॉलिक पंपापर्यंत सारे काही तेलाच्या भरवशावर फिरते, तिथेही या प्रश्नाला ‘ऑइलला काय होतंय?’ आणि ‘जुनं कशाला घालता?’ अशी दोनच तयार उत्तरे मिळतात, आणि दोन्ही अर्धवट आहेत.

पहिल्या उत्तरात तथ्य आहे. मशीनवर वापरले जाणारे, पाण्यात कालवून दुधासारखे पांढरे झालेले कूलंट साप्ताहिक सुट्टीनंतर सकाळी कुबट वास मारते, कारण मशीन बंद असताना त्यातील पाण्यात जिवाणू वाढतात; इंजिन ऑइलमध्ये पाणी नसते, म्हणून ते या अर्थाने नासत नाही. त्याचे खरे वार्धक्य म्हणजे ऑक्सिडेशन, म्हणजेच हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तेल आंबट व दाट होणे. या क्रियेला उष्णता लागते आणि ती इंजिनात भरपूर असते, बंद डब्यात जवळजवळ नसते. थंड, कोरड्या जागी ठेवलेल्या सीलबंद डब्याला अनेक उत्पादक साधारण 5 वर्षांची मुदत देतात, ती यामुळेच.

मात्र डब्यात नुसते तेल नसते. मूळ तेलात, ज्याला बेस ऑइल म्हणतात, झीज रोखणारी, काजळी तरंगत ठेवणारी आणि फेस मारणारी रसायने मिसळलेली असतात. यांतील फेस मारणारे सिलिकॉन तेलात विरघळत नाही. ते अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात पसरलेले असते आणि वर्षानुवर्षे न हललेल्या डब्यात हळूहळू वेगळे होऊ शकते. म्हणून जुना डबा ओतण्यापूर्वी उलटा-सुलटा करून चांगला हलवावा.

‘बंद’ या शब्दाचा अर्थही तपासून घ्यावा लागतो. 210 लिटरचे पिंप शेडबाहेर उभे ठेवले की दिवसा आतली हवा तापून फुगते व बुचाच्या आट्यांतून थोडी बाहेर पडते, तर रात्री ती आकसते आणि बाहेरचे काहीतरी आत ओढून घेते. जूनपासून बेळगावात लागणाऱ्या पावसात पिंपाच्या माथ्यावर पाणी साचलेले असेल, तर आत ओढले जाते ते पाणीच. बूच कितीही आवळलेले असो, पिंप श्वास घेतच राहते. जाणता स्टोअरकीपर म्हणूनच पिंप आडवे ठेवतो आणि दोन्ही बुचे घड्याळातील 3 आणि 9 यांच्या रेषेत, म्हणजे आतल्या तेलाच्या पातळीखाली येतील असे पाहतो, जेणेकरून बुचापाशी आतून तेलच राहील. झाकणाखाली चंदेरी पापुद्रा असलेल्या एक लिटरच्या बाटलीला हा धोका फार कमी. पण पिंपातून काढून विकलेल्या सुट्या ऑइलला ‘न उघडलेले’ म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक होय.

पाणी शिरले आहे का, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ काचेच्या बरणीत तेल काढून रात्रभर ठेवावे आणि सकाळी उजेडासमोर धरावे: धूसरपणा किंवा तळाशी साका दिसला तर ते इंजिनात घालू नये. सुमारे 150 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेल्या पत्र्यावर, चेहरा दूर ठेवून, एक थेंब टाकला तर कोरडे तेल गुपचूप पसरते. पाण्याचा अंश असलेले फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडते.

या साऱ्या परीक्षांत उतरलेले तेलही त्या गाडीला चालेलच असे नाही, आणि नेमका हाच मुद्दा दुकानात सहसा निघत नाही. बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि तेलात बुडालेला क्लच या तिघांना एकच तेल पुरते. त्यासाठी जासो या जपानी संस्थेने 1998 मध्ये घर्षणाची प्रत ठरवली आणि क्लच घसरू न देणाऱ्या तेलाला ‘एमए’ ही खूण दिली. डब्यावर ही खूण नसेल आणि तेल मोटारीसाठी असेल, तर ते कालच भरलेले असले तरी क्लच घसरण्याची भीती राहते. टू-स्ट्रोकचे तेल पेट्रोलबरोबर जळून जाण्यासाठीच बनवलेले असते, त्यामुळे यझदीच्या काळातला तसा डबा फोर-स्ट्रोकच्या इंजिनात ओतण्याचा प्रश्नच येत नाही. उलट एपीआय या अमेरिकी संस्थेची ‘एसजी’ ही 1989 ची पायरी लिहिलेले निर्मळ तेल त्या काळच्या फोर-स्ट्रोक इंजिनाला खुशाल चालेल, ग्रेड तेवढा जुळला पाहिजे. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 च्या गाडीला मात्र पुस्तिकेत लिहिलेलेच तेल हवे, कारण जुन्या तेलांत झीज रोखण्यासाठी जास्त घातलेला फॉस्फरस धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो.

क्रँकशाफ्टचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग, मायक्रॉनच्या हिशेबात घासून देणाऱ्या ग्राइंडरला तेलाची ती पातळ साय फाटली की काय होते हे सांगावे लागत नाही. निळी पडलेली, चरे उमटलेली जर्नले त्याच्याच टेबलावर येतात. शंकेचा डबा म्हणून तो टाकूनही देत नाही आणि इंजिनातही घालत नाही. ते तेल शेडच्या शटरला आणि चेन-ब्लॉकच्या साखळीला वर्षभर पुरते.