सात फुटांची तालीम

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या एका घरात जिना उतरून खाली गेलं की आधी दिसतात त्या बॅगा. एकावर एक रचलेल्या, मुठींना विमानकंपनीच्या पट्ट्या अजून चिकटलेल्या. शेजारी चादरीखाली गणपतीचं मखर, मंडळाच्या नाटकासाठी रंगवलेली प्लायवुडची खिडकी, मुलीची पहिली सायकल, बासमतीच्या रिकाम्या पिशव्या. कोपऱ्यात गरम पाण्याची टाकी मधूनच घसा खाकरते. तळघर म्हटलं की वाड्यातला काळोख, बळद आणि पुरलेला हंडा आठवतो, म्हणून असेल, पण इथली मराठी माणसं या जागेला तळघर म्हणत नाहीत. बेसमेंट म्हणतात. आणि ‘टाक बेसमेंटमध्ये’ हे वाक्य घरात रोज एकदा तरी ऐकू येतं.

घराचा मालक असा एक गृहस्थ समजू या. नाव नको, कारण असे गृहस्थ एडिसनला आहेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिललाही आहेत. वय ४८, नोकरी संगणकासमोरची, लहानपण कोल्हापुरातल्या एका तालमीच्या भिंतीला लागून गेलेलं. डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवला तेव्हा त्यांनी जिमची वर्गणी सुरू केली. जानेवारीत उत्साह होता, फेब्रुवारीत बर्फ होतं, मार्चपासून वर्गणी तेवढी नियमित जात राहिली. शेवटी त्यांनी ठरवलं, तालीम घरातच काढायची आणि तीही ३०० डॉलरच्या आत. बायको म्हणाली, “आधी बॅगा कुठे ठेवायच्या ते सांगा.”

ही खालची खोली अमेरिकेच्या उत्तरेकडे घरोघर असते, त्यामागे थंडीचं गणित आहे. हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि वरचं बांधकाम उचलून धरतं. म्हणून पाया गोठणरेषेच्या खाली न्यावा लागतो. या भागात त्यासाठी साधारण तीन फूट खणावं लागतं. एवढं खणलंच आहे तर अजून चार फूट खणा, पूर्ण खोली मिळते. या खोलीत पूर्वी कोळसा आणि भट्टी असे. तेल आणि गॅस आल्यावर कोळशाचा कोपरा मोकळा झाला आणि त्या रिकाम्या कोपऱ्यात अमेरिकन पोरांनी लोखंड आणलं. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी बॉब हॉफमनने १९३२च्या सुमारास बारबेल विकायला सुरुवात केली. ज्यांना लोखंड परवडत नव्हतं त्यांच्यासाठी चार्ल्स अ‍ॅटलसचा टपालाने येणारा अभ्यासक्रम होता, त्याला तर काहीच साधन लागत नसे. घरच्या व्यायामाची ही परंपरा गरिबीतली आहे. आरशांच्या भिंती आणि पडदा लावलेल्या सायकली फार नंतरच्या.

आपल्या गृहस्थांनी मात्र चूक तीच केली जी सगळे करतात. पहिल्याच शनिवारी ते वजनं बघायला निघाले.

खरं तर आधी बघायला हवी ती ओल. काँक्रीटची लादी दिसते दगडासारखी, पण ती स्पंजासारखं खालचं पाणी ओढते. तपासायला पैसे लागत नाहीत. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक लादीवर ठेवायचं, चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि सोळा तासांनी उचलून बघायचं. प्लास्टिकच्या खालच्या अंगाला दव जमलं किंवा लादी काळवंडली तर पाणी जमिनीतून वर येतंय. गृहस्थांच्या लादीवर पूर्वेच्या कोपऱ्यात काळा डाग उमटला. उपाय सापडला घराबाहेर. छपराचं पाणी खाली आणणारा पन्हाळीचा नळ भिंतीच्या बुडाशीच ओतत होता. त्याला सहा फुटांचा तुकडा जोडून पाणी बागेकडे वळवलं, भिंतीलगत माती चढवून उतार दिला. खर्च पंधरा डॉलर आणि एक रविवार. कोकणातल्या कुठल्याही आजीने पागोळ्या बघून हे फुकट सांगितलं असतं.

उन्हाळ्याची गंमत वेगळी. जुलैत खाली कुबट वास येतो म्हणून माणसं खिडक्या उघडतात. बाहेरची गरम, दमट हवा आत येऊन थंड भिंतींना भिडते आणि भिंतींना घाम फुटतो. खिडक्या मिटून आर्द्रता शोषणारं यंत्र लावलं आणि दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आसपास राखला की लोखंड गंजत नाही. ते यंत्र घरात होतंच, मखरामागे.

दुसरी तपासणी न दिसणाऱ्या गोष्टीची. जमिनीतल्या युरेनियमचं विघटन होताना रेडॉन नावाचा वायू तयार होतो. रंग नाही, वास नाही, फटींमधून तो बेसमेंटमध्ये शिरतो आणि साचतो. १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणाऱ्या एका अभियंत्याच्या अंगावर किरणोत्सार आढळून यंत्रं वाजू लागली. केंद्रात तेव्हा वीजनिर्मिती सुरूही झाली नव्हती. शोध घेतला तेव्हा कळलं की हा माणूस किरणोत्सार कामावरून घरी नेत नव्हता, घरून कामावर आणत होता. त्याच्या घराखालचा खडक ज्या पट्ट्यातला, तोच पट्टा पुढे न्यू जर्सीच्या उत्तर भागात येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत अमेरिकेत धूम्रपानानंतर रेडॉनचा क्रम लागतो. जिथे रोज अर्धा तास छाती भरून श्वास घ्यायचा तिथली हवा आधी तपासलेली बरी. चाचणीची डबी वीसेक डॉलरला मिळते, खिडक्या बंद ठेवून काही दिवस खाली ठेवायची आणि प्रयोगशाळेला पाठवायची. लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त आलं तर लादीखालची हवा पाइपने छपरावर सोडणारा पंखा बसवावा, असं अमेरिकेचं पर्यावरण खातं सांगतं. गृहस्थांचा आकडा दोनच्या खाली आला. त्यांनी तो कागद भिंतीला चिकटवला, मारुतीच्या तसबिरीशेजारी.

मग जमीन. इथे त्यांना कोल्हापूर आठवलं. तालमीत डंबेल-मुद्गलं कोपऱ्यात पडलेली असत, खरी बडदास्त असे ती मातीची. लाल माती चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालायचं, रोज खणून ती भुसभुशीत ठेवायची. नव्या पोराला डाव शिकवायच्या आधी वस्ताद हातात फावडं देत. पार्सिपनीत माती परवडेल, पण ती घरात आणू देणारी बायको मिळणार नाही. तिच्या जागी इथे घोडा मदतीला आला. तबेल्यात घोड्याच्या टापांखाली अंथरायचे रबरी गालिचे शेतीसामानाच्या दुकानात मिळतात. सहा फूट लांब, चार फूट रुंद, पाऊण इंच जाड. टाकाऊ टायरांच्या चुऱ्यापासून केलेले, किंमत पन्नास-साठ डॉलर. असंच रबर ‘जिम फ्लोअरिंग’ म्हणून घ्यायला गेलं की पुष्कळदा जास्त पैसे पडतात. एक गालिचा साधारण शंभर पाउंडांचा, त्यामुळे दोन गालिचे जिन्यातून उतरवणं हाच पहिला व्यायाम झाला. वास मात्र भयंकर, पंक्चरवाल्याच्या दुकानात झोपल्यासारखा. आठवडाभर अंगणात उन्हात टाकून, साबणाच्या पाण्याने दोनदा घासल्यावर तो माणसात आला. कापताना खाली फळी सारून गालिचा वाकवायचा म्हणजे चीर उघडी राहते आणि सुरी अडकत नाही. हे त्यांना दुसऱ्या गालिच्यावर कळलं.

एवढं झाल्यावर लोखंडाला शंभरेक डॉलर उरले होते आणि ते पुरले. नव्या वजनांना भाव आहे, जुन्यांना फक्त जागेची अडचण आहे. पाउंडाला डॉलर हा जुन्या लोखंडाचा ढोबळ दर. २०२०च्या टाळेबंदीत डंबेलं मिळेनाशी झाली तेव्हा तो कोसळला होता, म्हणजे वरच्या दिशेने. आता तीच डंबेलं गराज सेलमध्ये उन्हात बसलेली असतात. त्याहून स्वस्त म्हणजे प्लास्टिकच्या कवचात वाळू-सिमेंट भरलेली १९७०च्या जमान्यातली चक्रं. दिसायला ओबडधोबड, पण दहा पाउंड ते दहा पाउंडच.

आणि बॅगा? त्या गेल्या नाहीत, कामाला लागल्या. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाच्या हाताला एक वजन डोळे मिटूनही कळतं, तेवीस किलोचं. विमानतळावर ओव्हरवेट निघू नये म्हणून हुकाच्या काट्याला लटकवून, लोणच्याची बरणी काढून, पुन्हा घालून त्याने ते शेकडो वेळा तोललेलं असतं. दोन जुन्या बॅगांत पोरांच्या खेळायच्या वाळूच्या पन्नास-पन्नास पाउंडांच्या पिशव्या ठेवल्या, चेन लावली. पन्नास पाउंड म्हणजे तेवीस किलोला थोडं कमी. एकेका हातात एक घेऊन भट्टीपासून जिन्यापर्यंत दहा फेऱ्या मारल्या की खांदे, कंबर आणि मनगटं एकदम बोलू लागतात. पाच-सहा डॉलरची एकेक वाळूची पिशवी, आणि काही चुकवून आत घालायची चोरी नाही.

मुद्गलाचा मोह त्यांना झाला होता. तो तर इथे जुना पाहुणा. हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या पलटणींनी मुद्गल फिरवणं शिकून विलायतेला नेलं, तिथून ते अमेरिकेत आलं. सिम केहो नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कमध्ये १८६६ साली त्यावर पुस्तक काढलं. सेंट लुईसच्या १९०४च्या आणि लॉस एंजेलिसच्या १९३२च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धाही झाली. पण मुद्गल डोक्यामागून फिरतो आणि इथे डोक्यावर दिवा आहे. पहिल्याच दिवशी एक दिवा गेला, मुद्गल गराजमध्ये गेला.

उंचीचं दुखणं सगळ्या बेसमेंटचं. नियमानुसार सात फूट हवेत, जुन्या घरांत तेवढेही नसतात. बारबेल डोक्यावर उचलायची म्हटली तर हातांच्या उंचीवर मोठ्या चक्राचा नऊ इंचांचा अर्धव्यास आणखी येतो. तेव्हा ती बाकावर बसून उचलायची. साडेआठ फुटांचा मल्लखांब तर विचारूच नका. जोर आणि बैठकांना मात्र ही खोली राजवाडा आहे. कमी उजेडाची, उन्हाळ्यात गार, दोन-चार पायऱ्या उतरून जायची. त्यांच्या कोल्हापूरच्या तालमीतही अशाच पायऱ्या होत्या, आणि दरवाजा इतका ठेंगणा की वाकल्याशिवाय आत जाता येत नसे.

राहिले सूर्यनमस्कार, आणि ते राहूनच गेले असते. हात वर केले की बोटं छताच्या तुळईला लागत. एका सकाळी त्यांनी वर नीट पाहिलं. छताला पत्रा नाही, पाटी नाही, नुसत्या लाकडी तुळया, सोळा-सोळा इंचांवर. दोन तुळयांच्या मधे साडेचौदा इंचांची फट आणि तिच्यात वर नऊ इंचांची मोकळी जागा. जोडलेले हात त्यात सहज मावतात. आडवं तोंड करून उभं राहिलं तर मागे वाकताना हात मागच्या तुळईवर आपटतात, तुळयांच्या दिशेने तोंड केलं तर त्याच फटीतून मागे सरकत जातात. गालिच्यावर त्यांनी खडूने एक बाण काढून ठेवलाय. त्या फटीत तांब्याचा एक पाइप आहे, वर स्वयंपाकघराकडे जाणारा. पहिल्या नमस्काराला तो गार असतो. सातव्या-आठव्याला वर पावलं वाजतात, बायको नळ सोडते, आणि बोटांना पाइप कोमट लागू लागतो.