बंड्याचं लग्न आणि धुराडं

गेल्या महिन्यात आमच्या बंड्याचं लग्न झालं.

बंड्या स्कॉटिश आहे. सहा फूट दोन इंच, तांबडी दाढी. त्याचं खरं नाव इथे लिहिलेलं त्याला चालणार नाही, म्हणून बंड्या. 2008 ते 2012 मी एडिंबऱ्याला नोकरीला होतो, तेव्हा आमची टेबलं शेजारी होती. त्याच्या कोडमधले बग मी काढायचे आणि माझ्या इंग्रजीतले त्याने, असा करार होता. पंचेचाळिशी उलटली तरी हा लग्न करेना, तेव्हा आम्ही आशा सोडली होती. मग अचानक मेल आली: "लग्न करतोय. ये. आणि टोस्ट तू करायचास. पाच मिनिटं. पाचच."

आईला फोनवर सांगितलं की लग्नात मलाही किल्ट घालायचाय. पलीकडे शांतता. मग, "म्हणजे घागरा?" मी समजावलं की घागरा नव्हे, पुरुषांचा पारंपरिक वेष आहे, आणि नीट शिवलेल्या किल्टला आठ यार्ड कापड लागतं. आई म्हणाली, "म्हणजे नऊवारीला एक वार कमी. थंडी वाजेल, आतून काहीतरी घाल." (या विषयावर स्कॉटलंडमध्ये बरेच विनोद आहेत. आई हा ब्लॉग वाचते, त्यामुळे असो.)

लग्न पिटलॉक्रीजवळ, एका जुन्या शेतावरच्या कोठारात होतं. चर्च नाही, पाद्री नाही. मानवतावादी पद्धतीच्या लग्नाला स्कॉटलंडमध्ये 2005 पासून कायदेशीर मान्यता आहे, तसलं. एका हसऱ्या बाईंनी लग्न लावलं. मग दोघांचे हात एकमेकांत गुंफून त्यावर टार्टनची पट्टी बांधली. याला हँडफास्टिंग म्हणतात. मला एकदम आपली शालू-उपरण्याची गाठ आठवली.

नंतर क्वेइख आला. क्वेइख म्हणजे दोन कानांचा पसरट प्याला. दोन्ही हातांनीच धरावा लागतो. म्हणजे पिताना कोणाचा हात शस्त्राकडे जाणार नाही, अशी एक गोष्ट सांगतात. (शस्त्र म्हणजे स्कीन डू, तो मोज्यात खोचलेला छोटा सुरा. माझ्याही मोज्यात होता. भाड्याचा.) आधी नवरा-नवरीने त्यातून व्हिस्कीचा घोट घेतला आणि मग तो प्याला पाहुण्यांत फिरायला लागला. एकच प्याला, साठ माणसं! माझ्या आतली आजी ओरडली, "उष्टं!" पण घेतला. तीर्थ म्हणून घेतला असं आईने समजावं.

मग भाषणं. आपल्याकडे लग्नात भाषण नसतं ते किती बरं. आपल्याकडे फार तर एखादी बेसूर मावशी सगळ्या नातेवाइकांची नावं मंगलाष्टकात कोंबते, आणि अक्षता पडल्या की सुटका. इथे मात्र बेस्ट मॅन उभा राहून नवरदेवाची यथेच्छ धुलाई करतो आणि नवरदेवाने ती हसत ऐकायची. धुलाई झाली. मग माझा नंबर.

आता खरं सांगतो. तीन महिने मी ते पाच मिनिटांचं भाषण लिहीत होतो. व्हर्जन सातपर्यंत गेलो होतो. सगळी व्हर्जनं विनोदी. कारण जे बोलायचं होतं ते मी बंड्याशी कधी बोललोच नव्हतो.

डिसेंबर 2010. स्कॉटलंडमध्ये त्या वर्षी भयंकर बर्फ पडला होता. 6 तारखेला तर एडिंबरा-ग्लासगो मोटरवेवर शेकडो माणसं रात्रभर गाडीतच अडकून पडली. त्याच आठवड्यात रात्री दादाचा फोन आला, बाबा गेले. एडिंबऱ्याहून विमान सुटेल याचा भरवसा नव्हता. मी बंड्याला फोन केला तो फक्त ऑफिसला येणार नाही हे सांगायला. अर्ध्या तासात तो दारात हजर. गाडीत ब्लँकेट, फावडं, थर्मास. लंडनचा हीथ्रो विमानतळ तिथून साडेसहाशे किलोमीटर. नऊ तास त्याने गाडी चालवली. लंडन-मुंबई विमानाला साधारण तेवढेच तास लागतात. रस्त्यात तो जवळजवळ काही बोलला नाही. एकदा फक्त माझ्या चहात न विचारता दोन चमचे साखर घातली.

दादाने सगळं थांबवून धरलं होतं. बाबांचा चेहरा मला दिसला, तो त्या नऊ तासांमुळे.

यावर मी त्याला काय म्हणालो? काही नाही. परत गेल्यावर त्याच्यासाठी चितळ्यांची बाकरवडी नेली. आपण मित्राला "थँक्यू" म्हणत नाही हो. म्हटलं तर तो रागावतो. पण एवढी वर्षं न म्हटलेलं कुठेतरी साठत जातं.

तर उभा राहिलो. व्हर्जन सात खिशात, म्हणजे त्या किल्टच्या पुढच्या पिशवीत. ते काढलंच नाही. म्हटलं,

"तुमच्याकडे एक आशीर्वाद आहे, 'लँग मे यर लम रीक'. तुमच्या धुराड्यातून खूप वर्षं धूर निघत राहो. बंड्याने मला पहिल्या वर्षीच शिकवला होता. धुरामुळेच एडिंबऱ्याला 'ऑल्ड रीकी' म्हणायचे, हेही. मला तेव्हा गंमत वाटली होती, धुराचा कसला आशीर्वाद? पण आमच्या गावात ज्या घरात माणूस जातं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. छपरातून धूर नाही, की गाव समजून जातं. 2010 च्या डिसेंबरात आमच्या घराची चूल बंद होती. त्या घरी मी वेळेवर पोचलो, ते या माणसामुळे. त्यामुळे घरातून धूर निघणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. मित्रा, थँक्यू. लँग मे यर लम रीक."

आणि प्याला उंच करून "स्लांजे व्हा!" म्हणजे उत्तम आरोग्य लाभो. समोरून साठ आवाजांत उत्तर आलं, "स्लांजे व्होर!"

बंड्या रागावला नाही. दाढी पुसत उठला, मला घट्ट मिठी मारली आणि कानात म्हणाला, "सहा मिनिटं झाली."

मग केली. म्हणजे सामूहिक नाच. त्यात 'स्ट्रिप द विलो' नावाचा एक प्रकार आहे, तो म्हणजे फुगडी आणि रांगेतली चेंगराचेंगरी यांचं मिश्रण. नव्या वहिनींनी मला असं गरागरा फिरवलं की माझा सुरा मोज्यातून उडाला. भाड्याचा होता, त्याचे पैसे भरले.

परवा पुण्यात बंड्याचा मेसेज आला. मजकूर नाही, नुसता फोटो. त्यांच्या नव्या घराचं छप्पर, विटांचं धुराडं आणि त्यातून निघणारा धूर. मी तो आईला पाठवला.

आईचा लगेच फोन. "चूल पेटली म्हणायची. आता विचार त्याला, स्वयंपाक येतो का दोघांपैकी कोणाला?"

विचारलंय. अजून उत्तर नाही.