बोटभर फट

गेले चार दिवस ओव्हनचं दार नीट लागत नव्हतं. वर बोटभर फट राहायची. १७० अंशांवर ठेवलेली नानकटाई मागच्या ओळीत करपली, पुढची पांढरीफटक राहिली. उष्णता बाहेर निसटत राहते, मग थर्मोस्टॅट कॉइल बंद होऊच देत नाही.

आज प्लग काढून ओव्हन आडवा केला, बाजूचा पत्रा उघडला. दाराला आत खेचून धरणाऱ्या दोन स्प्रिंगा असतात, दोन बाजूंना. उजवीचा आकडा भोकातून निसटला होता. बिजागरीत कितीतरी वर्षांचा चुरा साचलेला. रव्याचे कण, आणि काळं पडलेलं वेलदोड्याचं साल. नखाएवढं.

मी तयार पूड वापरते. आई मात्र वेलदोडे सालासकट कुटायची. म्हणजे ते साल तिच्या हातचं.

चुरा ब्रशने झाडला. साल तेवढं बशीत ठेवलं. पक्कडीने स्प्रिंग ओढून अडकवताना आठवलं, दार लावल्यावर आई तळव्याने ते वरून हलकेच दाबून धरायची, क्षणभर. मला ती तिची लकब वाटायची. दार तेव्हाच सैल झालं होतं का? आणि ती इतकी वर्षं काहीच का बोलली नाही? विचारायचं राहून गेलं.

दारात कागदाची पट्टी धरून ओढून पाहिली. घट्ट बसली होती. तरी माझा तळवा दारावर गेलाच, आणि थोडा वेळ तिथेच राहिला.

बशी अजून ओट्यावर आहे.