ताळेबंदाच्या तळटीपा

एकाच वर्गांत शिकलेलीं माणसें तीस-बत्तीस वर्षांनीं पुन्हां एकत्र जमलीं म्हणजे पहिला अर्धा तास मोठ्या अवघड रीतीनें जातो. जो तो दुसऱ्याच्या केसांकडे आणि पोटाच्या घेराकडे चोरून पाहत असतो, आणि "तूं अगदीं होतास तसाच आहेस" हें एकच असत्य सर्वजण आळीपाळीनें बोलत असतात. तें असत्य निरुपद्रवी असतें. परंतु त्यानंतर एकमेकांची चौकशी सुरू होते, आणि त्या चौकशीला मिळणारीं उत्तरें तितकींच निरुपद्रवी असतात असें नाहीं. हें मला गेल्या जानेवारींत कळून आलें. आणि कळून आलें तें माझ्याच एका उत्तरामुळें.

मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेंत १९९० ते १९९२ अशीं दोन वर्षें आम्हीं काढलीं. ही संस्था मुंबई विद्यापीठानें १९६५ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या साहाय्यानें स्थापन केली. व्यापारशिक्षणाची परंपरा मुंबईला त्याहूनही जुनी. सिडनहॅम महाविद्यालय १९१३ सालचें. आमच्या वाट्याला आलेलीं दोन वर्षें मात्र विलक्षण होतीं. पहिल्या वर्षीं आम्हीं परवाने, कोटे आणि नियंत्रणें यांचें अर्थशास्त्र पाठ केलें. आणि दुसरें वर्ष सुरू होतें न होतें तोंच, १९९१ च्या जुलैंत, रुपयाचें दोनदां अवमूल्यन झालें, रिझर्व्ह बँकेचें सुमारें ४७ टन सोनें तारण म्हणून इंग्लंडला गेलें, आणि २४ जुलैला नवें औद्योगिक धोरण व मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प एकाच दिवशीं जाहीर झाला. बहुतेक उद्योगांना परवान्याची गरज उरली नाहीं. आमच्या वह्यांतील निम्मीं टिपणें एका दिवसांत निरुपयोगी झालीं. परंतु त्याबद्दल कोणीही शोक केला नाहीं. ज्या पिढीला नोकरीसाठीं रांगेंत उभें राहावें लागलें होतें, तिच्या मुलांपुढें आतां नोकऱ्याच रांग लावून उभ्या राहणार असें सारे म्हणत होते, आणि आम्हीही तें खरें मानलें.

त्या वर्गांतील अकरा जण नागांवला एका स्नेह्याच्या बंगल्यांत दोन दिवस राहावयास आले. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचींत दाटीवाटीनें बसून, खाऱ्या पाण्याचे शिंतोडे अंगावर घेत मी सुटीला घरीं येत असें; माझे स्नेही मात्र मोटारींत बसूनच समुद्र ओलांडून आले. मोटारीसकट माणसांना मांडव्याला उतरविणारी बोट २०२० सालीं सुरू झाली, तेव्हांपासून अलिबाग हें मुंबईचें एक उपनगरच होऊं लागलें आहे. मी येथलाच रहिवासी असल्यामुळें पांढऱ्या कांद्याच्या वेण्या, ताजी मासळी आणि रात्रीची पोपटी यांची व्यवस्था माझ्याकडे आली होती.

सायंकाळीं ओटीवर सर्वजण गोल करून बसले आणि कोणीतरी सुचविलें कीं, प्रत्येकानें पांच मिनिटांत आपली हकीकत सांगावी. मी हिशेबशास्त्र शिकविणारा मनुष्य. ऐकतां ऐकतां माझ्या ध्यानांत आलें कीं, या हकीकती नसून ताळेबंद आहेत. १४९४ सालीं व्हेनिस येथें लुका पाचोली नांवाच्या एका ख्रिस्ती साधूनें आपल्या गणिताच्या ग्रंथांत द्विनोंदी पद्धतीचें विवेचन छापलें, तेव्हांपासून जगांतील व्यापारी जमा आणि नांवे यांच्या दोन बाजू जुळवून दाखवीत आले आहेत. माझ्या स्नेह्यांच्याही बाजू तशाच सुरेख जुळत होत्या. एका बाजूस पद, घर, परदेशांतील मुलें. दुसऱ्या बाजूस त्यासाठीं केलेले कष्ट, बदल्या आणि जागरणें. एकजण बँकेचा मोठा अधिकारी, एकजण न्हावा-शेव्याच्या बंदरांतून माल पाठविण्याच्या धंद्यांत, एकीनें स्वतःचा कारखाना काढलेला. आमच्या वर्गांत दोन्ही वर्षें जो पहिला आला होता, त्यानें मात्र दोनच वाक्यांत उरकलें: "मी त्याच क्षेत्रांत आहें. मुलगी कॅनडांत शिकते."

मग माझी पाळी आली. मीं गेलीं तीस वर्षें सांगत आलों आहें तेंच सांगितलें. एका मोठ्या कंपनींत मला जागा मिळाली होती. पण वडील आजारी पडले, मी एकुलता एक, म्हणून सर्व सोडून गांवीं परत आलों आणि मास्तरकी पत्करली. त्यापुढें माझें नेहमींचें वाक्यही मीं जोडलें. अलिबागेंत एक चुंबकीय वेधशाळा आहे. पूर्वीं हे वेध मुंबईस कुलाब्याला घेत असत. पण मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, आणि त्यांच्या प्रवाहानें सूक्ष्म उपकरणें चळणार, हें ओळखून १९०४ सालीं ही वेधशाळा येथें उभारली, व तिच्या बांधकामांत लोखंड येऊं दिलें नाहीं. "त्या सुईप्रमाणें मीही ट्रामच्या खडखडाटापासून दूर आलों," असें मी म्हणालों. सर्वांना तें आवडलें. "अरे, आमच्यांत खरा सुखी तूंच," असें बँकवाला म्हणाला, आणि मीं तें नम्रतेनें स्वीकारलें.

रात्रीं मागच्या शेतांत पोपटी लावली. भाताची कापणी झाल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर आमच्याकडे वाल पेरतात. पौष-माघांत त्याच्या शेंगा भरतात, आणि मग गांवोगांव ही मडकीं दिसूं लागतात. मडक्याच्या तळाशीं भांबुर्ड्याचा पाला घालावा, त्यावर शेंगा, जाडें मीठ आणि ओवा. मधून बटाटे आणि अंडीं. तोंड पुन्हां पाल्यानेंच गच्च दडपून बंद करावें, आणि मडकें पालथें ठेवून भोंवतीं पेंढा व काटक्या पेटवाव्या. पाण्याचा एक थेंबही आंत जात नाहीं. शेंगा आपल्याच अंगच्या ओलाव्यावर शिजतात. आंत काय चाललें आहे हें बाहेरून दिसत नाहीं. केवळ वासावरून ओळखावें लागतें.

इतर मंडळी गाण्यांत दंग झालीं. जाळाशीं मी आणि आमचा 'पहिला' असे दोघेच उरलों. काटकीनें निखारे सारतां सारतां तो शांतपणें म्हणाला, "मघाशीं मी खोटें बोललों. मी कोणत्याच क्षेत्रांत नाहीं. आमची कंपनी दुसरींत विलीन झाली; एका पदावर दोन माणसें झालीं; त्यांतला एक मी. त्याला चौदा महिने झाले. आई घरांत आहे. तिला कळूं नये म्हणून रोज साडेआठला डबा घेऊन बाहेर पडतों, आणि एका वाचनालयांत जाऊन बसतों. मुलीच्या शिक्षणाचें कर्ज माझ्या नांवावर आहे." थोडें थांबून तो पुढें म्हणाला, "तुझें बरें. तुझा हिशेब स्वच्छ आहे. तूं वडिलांसाठीं आलास."

आतां, माझ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षीं एक गोष्ट बजावून सांगतों. कोणत्याही कंपनीचा ताळेबंद हातीं आला कीं आधीं बेरजा पाहूं नका. खालच्या बारीक अक्षरांतील टीपा वाचा. दुसऱ्यासाठीं दिलेल्या हम्या, निकाल न लागलेले दावे, अशीं जीं देणीं पुढेंमागें अंगावर येण्याचा संभव असतो, तीं संभाव्य देणीं बेरजेंत कोठेंच धरलेलीं नसतात; तीं तळटीपेंत असतात. हें मी वर्षानुवर्षें शिकविलें, आणि स्वतःची तळटीप मात्र कोणास वाचूं दिली नाहीं.

ती मीं त्या रात्रीं प्रथमच त्याला वाचून दाखविली. १९९२ च्या जूनमध्यें मी त्या कंपनींत रुजू झालों होतों. पंधरा दिवस गेलों. दुसऱ्या आठवड्यांत एका बैठकींत मला उभें करून चार वाक्यें बोलावयास सांगितलें. माझ्या घशांतून शब्द फुटेना. खालीं बसलों तो पुन्हां मान वर केली नाहीं. त्यानंतर रोज सकाळीं चर्चगेटला गाडींतून उतरतांना माझे पाय जड होत. आणि मग घरून तार आली, वडिलांना कावीळ झाली आहे, निघून ये. ती तार हातांत पडली तेव्हां माझ्या मनांत उठलेली पहिली भावना काळजीची नव्हती. ती सुटकेची होती. कंपनीनें माझी जागा ऑगस्टअखेरपर्यंत राखून ठेवली होती. वडील त्याआधींच उठून हिंडूंफिरूं लागले होते. मी गेलों नाहीं. वेधशाळेची सुई अचूक राहावी म्हणून ती येथें आणली. मी भिऊन आलों.

तो बराच वेळ गप्प होता. मग एकदम हंसला. त्या हंसण्यांत उपहास नव्हता. "म्हणजे या संमेलनांत खोटे हिशेब ठेवणारा मी एकटाच नाहीं तर!" असें म्हणून त्यानें मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले. ते चर्रकन् उडून गेले. पोपटी झाली होती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं त्यानें आपली गोष्ट सर्वांसमक्ष सांगितली. क्षणभर कोणास काय बोलावें तें सुचेना. बँकवाल्यानें ताबडतोब दोन-तीन ठिकाणीं शब्द टाकण्याची तयारी दाखविली. ती दाखवितांना तो पूर्वीच्या परीक्षेंतील नोट्स मागणारा मुलगा राहिला नव्हता, याची जाणीव दोघांनाही झाली असावी, कारण दोघेही ओशाळले. त्यानंतर एकेकाच्या तळटीपा निघूं लागल्या. कारखाना काढणारी आमची मैत्रीण म्हणाली, "नवऱ्याच्या बदलीसाठीं मीं एकतिसाव्या वर्षीं नोकरी सोडली. चव्वेचाळिसाव्या वर्षीं परत गेलें, तर माझ्या हाताखालची मुलगी माझी वरिष्ठ होती. तीन महिने सोसलें, आणि मग कारखाना काढला. हौसेनें काढला असें मी काल म्हणालें, तें खरें नव्हे." न्हावा-शेव्याच्या मित्राचा मुलगा दोन वर्षें त्याच्याशीं बोललेला नाहीं. माझी टीप मात्र मीं तेथेंही सर्वांपुढें वाचली नाहीं. धैर्य हें असें हप्त्याहप्त्यानें येतें. निदान माझें तरी.

आमच्या महाविद्यालयांत हिशेबशास्त्राला तासिका तत्त्वावर एक अध्यापक हवा होता. मानधन इतकें अल्प कीं तें त्याला सांगतांना मला संकोच वाटला. तो म्हणाला, "आईला सांगतां येईल असें काम आहे, तेवढें पुरे." आतां दर गुरुवारीं तो बोटीनें मांडव्याला उतरतो आणि संध्याकाळीं परत जातो. मोठ्या नोकरीचा शोध चालूच आहे, ती त्याला मिळावी असें मला मनापासून वाटतें, आणि गुरुवार चुकूं नये असेंही वाटतें.

नागांवहून घरीं आलों त्या रात्रीं मीं पत्नीला सर्व सांगितलें. सत्तावीस वर्षांच्या संसारांत ही गोष्ट मीं तिच्यापासून लपविली होती. ती रागावेल, निदान दुखावेल, अशी माझी अपेक्षा होती. ती कांद्याची वेणी खुंटीला अडकवीत होती. मागें न वळतांच ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. मामंजींनीं लग्नानंतर दुसऱ्याच वर्षीं सांगितलें होतें."

वडील प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें तरी पत्रावर अखेरपर्यंत कुलाबाच लिहिणारे, मोजकें बोलणारे गृहस्थ. त्यांनीं सुनेला सांगितलें होतें तें असें: कावीळ पहिल्या महिन्यांतच उतरली होती. पण कंपनीचें पत्र आलें त्या दिवशीं मुलाचा चेहरा त्यांनीं पाहिला. आपण उठून बसलों तर त्याला जावें लागेल, हें त्यांनीं ओळखलें. म्हणून ते आणखी दोन महिने अंथरुणांतच राहिले.

वडिलांना जाऊन आतां अकरा वर्षें झालीं. ते असते तरी मीं त्यांना काय विचारलें असतें, कोणास ठाऊक. मला आठवतें तें एवढेंच कीं, त्या वर्षीं पाऊस चांगला झाला होता. पहांटे उठून स्वतः चिखलांत उतरल्याशिवाय ज्यांना चैन पडत नसे, त्यांनीं त्या जुलैंतली आमच्या शेतांतली लावणी खाटेवर पडून खिडकींतून पाहिली. आणि मी त्यांच्या उशाशीं बसून त्यांना औषध पाजीत होतों.