जोत्याखालचा खर्च

आज वहीत घराचा अंदाजखर्च पुन्हा मांडला. गावात भेटेल तो एकच विचारतो, "चौरस फुटाला काय दर धरला?" मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. आमची जागा काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया घट्ट मुरूम लागेपर्यंत खणावा लागतो. तो किती खोलवर लागेल हे चाचणीचा खड्डा घेतल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. लाखोंचं घर बांधताना या एका खड्ड्याचे पैसे वाचवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. जोतं वर आलं की निम्मी काळजी मिटते.

बाकीचं गणित सरळ आहे. वाळू-खडी ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांवर. सिमेंट ५० किलोच्या गोणीवर. सळईचा मिलिमीटरमधला व्यास, त्याचा वर्ग भागिले १६२, की मीटरमागे किलो मिळतात. १२ मिलिमीटरची सळई मीटरला साधारण ०.८९ किलो भरते. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा.

धास्ती वाटते ती वेगळ्याच रकमांची: बोअर, वीजजोडणी, शोषखड्डा, कंपाउंड, काम संपेपर्यंतचं घरभाडं. आईनं विचारलं, "देवघराचं धरलंस ना?" धरलं.

घर बांधणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: सेंटरिंगचं सामान कुणाचं आणि स्लॅबला पाणी कोण मारणार, हे मजुरीचा दर ठरवण्याआधी कागदावर लिहून घ्या.